बोटावरचा आकडा



या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा भुईकोट किल्ला, चांदबीबी किंवा मलिक अंबर यांपैकी कशावर तरी मी लिहीन अशी अपेक्षा असावी. त्या विषयांवर आपल्या नगरच्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मी एका आगपेटीएवढ्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ही वस्तू कोरोनाच्या काळात तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी येऊन गेली आहे आणि काहींच्या कपाटात अजून पडून असेल. बोटाला चिमटा लावला की रक्तातील ऑक्सिजनचा आकडा दाखविणारे ते यंत्र, म्हणजे ऑक्सिमीटर. मी वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक सवय लागलेली असते. कोणताही पुरावा समोर आला की तो कोणी, कशावरून आणि कोणत्या परिस्थितीत दिला, हे तो आधी विचारतो. तीच सवय मी या आकड्याला लावून पाहिली.

गोष्ट सप्टेंबर २०२० ची. शासनाची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ तारखेला सुरू झाली होती. घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा आणि ऑक्सिजन ९५ च्या खाली आढळला तर त्या माणसाला पुढे तपासणीस पाठवायचे, असे ते काम होते. आमच्या पथकात एक आशाताई, गावातला एक स्वयंसेवक मुलगा आणि मी. बाजरीची सोंगणी चालू असल्याने वस्तीवर म्हातारी माणसेच तेवढी घरी सापडत. अशाच एका घरी एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हाताला सारखा कंप. ताईंनी बोटाला यंत्र लावले. आकडा आला ८५. काढून पुन्हा लावले. ८४, मग ८६, पुन्हा ८५. माझ्या पोटात गोळा आला. आजी मात्र सुनेवर खेकसत होत्या, "आगं, गुर्जी आल्यात, च्या टाक की!"

ताईंनी यंत्राकडे पाहणे सोडून दिले. त्यांनी आजींच्या ओठांकडे पाहिले, श्वास मोजला, मग तो कापणारा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि यंत्र पुन्हा लावले. ९६. "हात हलतोय आजींचा, म्हणून खोटं दाखवतंय," त्या म्हणाल्या आणि वहीत ९६ लिहून पुढच्या घराकडे वळल्या.

माझ्या डोक्यातून मात्र ते गेले नाही. खोटेच दाखवायचे तर ७० का नाही, ९९ का नाही? ८५ च्याच आसपास का घुटमळले? उत्तर शोधता शोधता मी ऑपरेशन थिएटरमध्ये आणि तिथून मागे १८८९ च्या हैदराबादेत जाऊन पोहोचलो.

जागा असलेला माणूस 'जीव घाबरतोय' असे सांगू शकतो. भूल दिलेला माणूस सांगू शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी सतत पाहत राहावे लागते. पण पाहायचे कशाकडे? एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४७ मध्ये बाळंतपणात आणि शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली आणि दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्म दिलेली एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, नाडीवर बोट ठेवा, धोका हृदयाला आहे. एडिंबरोकडचे म्हणत, नाडी सोडा, श्वासाकडे पाहा.

हा वाद आपल्या शेजारी येऊन लढला गेला. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या आपल्या तालुक्यांच्या पलीकडे त्या काळी हैदराबादच्या निजामाचा मुलूख सुरू होत असे. (विद्यार्थ्यांनी इथे घोटाळा करू नये. १४९० मध्ये मलिक अहमदने स्थापन केलेली आपल्या नगरची निजामशाही वेगळी. ती १६३६ मध्येच संपली. हैदराबादचे निजाम हे आसफजाही घराणे.) हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचा इंग्रज सर्जन होता. तो एडिंबरोच्या परंपरेत शिकलेला होता आणि हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म देऊनही आपल्या हातून कोणी दगावले नाही, असा त्याचा दावा होता. १८८८ मध्ये त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून हृदयाला धोका नसल्याचा निष्कर्ष काढला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड खर्चास दिले आणि 'लॅन्सेट'नेच निवडलेला तज्ज्ञ, लॉडर ब्रंटन, १८८९ मध्ये हैदराबादेस आला. तो येताना विरुद्ध मताचा होता. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटनचे मत फिरले. क्लोरोफॉर्मने श्वास आधी बंद पडतो, हृदय नंतर, म्हणून श्वासाकडेच पाहा, असा निर्णय दुसऱ्या हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनने दिला.

निर्णयाचा अर्धा भाग खरा होता. श्वासाकडे पाहा, हे आजही कोणताही भूलतज्ज्ञ सांगेल. उरलेला अर्धा चुकीचा होता. १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलाखाली असताना हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते. ती पंधरा वर्षांची मुलगी बहुधा तशीच गेली असावी. एवढे प्रयोग, एवढा खर्च, विरोधकाचेही मत वळलेले, आणि तरी चूक! लॉरी अप्रामाणिक नव्हता. त्याने एका खुणेवर इतका भरवसा टाकला की दुसरी खूण पाहणेच सोडून दिले.

हैदराबाद सोडण्यापूर्वी आणखी एक नाव सांगतो, विशेषतः मुलींसाठी. तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये आरंभीची कित्येक वर्षे वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून दिले जाई आणि उत्तीर्ण होणाऱ्यास 'हकीम' ही पदवी मिळे. लॉरीच्या काळात तिथे मुलींनाही प्रवेश मिळाला. त्यांतील रूपाबाई फरदूनजी ही पारशी विद्यार्थिनी लॉरीच्या हाताखाली क्लोरोफॉर्म द्यायला शिकली आणि पुढे अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेली. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. असो.

नाडी आणि श्वास यांखेरीज तिसरी खूण म्हणजे रंग. रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की ते लालभडक दिसते, कमी झाला की काळपट. म्हणून ओठ आणि नखे निळी पडली की रोगी धोक्यात, हे डॉक्टर फार पूर्वीपासून जाणत होते. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा रोग्याच्या कानाच्या पाळीकडे आणि नखांकडे डोळे लावून बसे. हा डोळा किती भरवशाचा? १९४७ मध्ये अमेरिकेत कोमरो आणि बोटेल्हो या दोघांनी त्याची चक्क परीक्षा घेतली. निरोगी माणसांचा ऑक्सिजन मुद्दाम कमी करायचा आणि पाहणाऱ्यांनी 'निळा पडला' असे कधी वाटते ते सांगायचे. पाहणारे १२७ होते, त्यांनी सात हजारांवर नोंदी केल्या. बहुतेकांना ऑक्सिजन ८० च्या आसपास उतरेपर्यंत खात्रीने काही सांगताच आले नाही. काहींना तर त्याच्याही खाली गेला तरी दिसले नाही. म्हणजे आज ज्या आकड्याला आपण रुग्णवाहिका बोलावतो, तो येऊन गेल्यावरही अनुभवी डोळ्याला सारे आलबेल दिसत होते. त्या काळात ऑपरेशन टेबलावर गेलेल्या कित्येकांना ऑक्सिजन कमी पडला होता हे कोणाला कळलेच नसेल.

यंत्राने रंग पाहण्याची खटपट त्याआधीच सुरू झाली होती. जर्मनीत कार्ल मॅथेसने १९३५ च्या सुमारास कानातून प्रकाश पार करून ऑक्सिजन मोजण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धात उंचावर विमान नेणारे वैमानिक बेशुद्ध पडू लागले, तेव्हा ग्लेन मिलिकनने कानाला लावायचे यंत्र बनविले आणि त्याला 'ऑक्सिमीटर' हे नाव दिले. पण कानात नुसते रक्त नसते. कातडी असते, मांस असते, आणि प्रकाश सगळेच अडवतात. त्यातले रक्ताने किती अडवले हे कसे ओळखायचे? कान तापवा, दाबून रक्त बाहेर काढा, पुन्हा मोजा, अशा कटकटी होत्या. ऑपरेशनमध्ये रोज वापरण्याजोगे ते नव्हते.

हे कोडे सोडविले ते जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी, आणि तेही दुसरेच काम करताना. १९७० नंतरच्या त्या वर्षांत ते निहोन कोहदेन या कंपनीत होते आणि हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते हे मोजण्याच्या मागे होते. शिरेत रंग सोडायचा आणि तो कानात केव्हा, किती येतो हे प्रकाशाने पाहायचे, अशी पद्धत होती. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरे. ही थरथर घालविण्यासाठी त्यांनी दोन वेगळे प्रकाश वापरून एकाने दुसऱ्याची थरथर वजा करून पाहिली. ते जमलेही. पण रोग्याचा ऑक्सिजन बदलला की वजाबाकी बिघडे आणि थरथर परत येई. दुसरा कोणी वैतागला असता. आओयागींच्या ध्यानात आले की ज्या थरथरीला आपण अडथळा समजतो आहोत, तीच ऑक्सिजनचा पत्ता सांगते आहे. ठोक्यागणिक बोटात जे जादा रक्त येते ते धमनीतले ताजे रक्त. प्रकाशाची जेवढी चढउतार ठोक्याबरोबर होते तेवढीच धरायची, बाकी कातडी, हाड, नख हे स्थिर आहे म्हणून सोडून द्यायचे. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडले. कंपनीला मात्र त्याचे मोल फारसे कळले नाही आणि काम मागे पडले. हाच विचार अमेरिकेत १९८० च्या सुमारास बायॉक्स या कंपनीने आणि १९८३ मध्ये नेलकॉर या कंपनीने बाजारात आणला. नेलकॉरचे यंत्र ठोक्यागणिक 'टिक' असा आवाज करी, आणि ऑक्सिजन उतरला की आवाजाचा सूरही उतरे. भूलतज्ज्ञाला मान वळवून पाहण्याचीही गरज उरली नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून तो 'टिक-टिक' आवाज ऐकलेले आपल्यापैकी किती तरी जण असतील.

आता आजींच्या ८५ कडे येऊ. यंत्र एक तांबडा प्रकाश टाकते आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश सहज जाऊ देते, रिकामे हिमोग्लोबिन अडवते. अवरक्ताच्या बाबतीत थोडे उलटे. दोन्ही प्रकाशांच्या चढउतारीचे गुणोत्तर काढायचे आणि एका कोष्टकात पाहून आकडा सांगायचा, एवढेच यंत्र करते. हे कोष्टक काही निसर्गाने लिहून दिलेले नाही. निरोगी, तरुण स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतले रक्त काढून तपासून, ते तयार केलेले असते. ७० च्या खाली माणसाला मुद्दाम नेता येत नाही, म्हणून तिथले आकडे अंदाजाने पुढे ओढलेले असतात. आणि या कोष्टकात दोन्ही प्रकाशांची चढउतार सारखी झाली, गुणोत्तर एक आले, की समोर आकडा असतो ८५! हात कापला की दोन्ही प्रकाश सारखेच हलतात. यंत्र बिचारे कोष्टकात पाहून ८५ सांगते. आजींचा ऑक्सिजन त्याने मोजलाच नव्हता. त्याने त्यांच्या हाताचा कंप मोजला होता.

ऑपरेशनमध्ये असे फसवे आकडे भूलतज्ज्ञांना वारंवार भेटतात आणि यंत्र आल्यापासून दोन-तीन वर्षांतच त्यांची नोंद होऊ लागली. काही शस्त्रक्रियांत गाठी किंवा मार्ग शोधण्यासाठी मेथिलीन ब्लू हा निळा रंग शिरेत देतात. तो दिला की क्षणात आकडा कोसळतो. रोगी मात्र ठणठणीत असतो, रंगाने तांबडा प्रकाश खाल्लेला असतो. रक्तदाबाचा पट्टा त्याच हातावर असेल तर तो फुगला की नाडी थांबते आणि आकडा जातो. विजेच्या चाकूने रक्त थांबवताना यंत्र गोंधळते. हात थंडगार पडले असतील तर बोटात रक्तच पोहोचत नाही. हे सारे खोटे धोके. त्यांनी धावपळ होते, पण रोग्याचे सहसा नुकसान होत नाही.

खरी भीती दुसऱ्या जातीच्या फसवणुकीची आहे. रोगी बुडतो आहे आणि आकडा ९८. समजण्यासाठी एसटीचे उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिन म्हणजे गाडी, ऑक्सिजन म्हणजे प्रवासी. यंत्र शंभरपैकी किती जागा भरल्या तेवढे सांगते. आता बंद खोलीत शेगडी पेटवली किंवा बाथरूममधला गॅस गिझर बिघडला की कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात शिरतो आणि जागा अडवून बसतो. यंत्राला तो आणि ऑक्सिजन जवळजवळ सारखेच दिसतात. १९८७ मध्ये बार्कर आणि ट्रेम्पर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की शंभरपैकी सत्तर जागा या विषाने बळकावल्या तरी ऑक्सिमीटर सुमारे ९० दाखवीत राहतो. आगीच्या धुरात सापडलेल्याच्या बोटावरचा चांगला आकडा म्हणूनच मानायचा नसतो. दुसरी गोष्ट रक्तक्षयाची, जी आपल्या घरांतील आया-बहिणींना फार लागू आहे. जागा ९८ भरल्या आहेत हे खरे, पण गाड्याच निम्म्या असतील तर? आकडा खोटा नाही, तरी शरीराला ऑक्सिजन अपुरा. आणि तिसरी गोष्ट उशिराची. भूल देताना रोग्याला आधी भरपूर ऑक्सिजन हुंगवतात. त्यानंतर श्वास पूर्ण थांबला तरी साठ्यावर काही मिनिटे आकडा ९९ राहू शकतो आणि मग भराभर कोसळतो. लॉरीचे 'श्वासाकडे पाहा' इथे शंभर वर्षांनी कामी येते. आज थिएटरमध्ये उच्छ्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे दुसरे यंत्र ऑक्सिमीटरच्या जोडीला लावतात ते यासाठीच.

यावरून कोणी हे यंत्र कुचकामी समजू नये. डेन्मार्कमध्ये वीस हजारांवर रोग्यांचे दोन गट करून एका गटाला ऑक्सिमीटर लावून आणि दुसऱ्याला न लावता शस्त्रक्रिया झाल्या. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत यंत्र लावलेल्या गटात ऑक्सिजन उतरल्याचे एकोणीस पट अधिक वेळा लक्षात आले. पण मृत्यूंत आणि एकूण गुंतागुंतीत दोन गटांत फरक आढळला नाही! विद्वानांत यावरून अजून चर्चा होते. माझे मत विचाराल तर, उत्तम तयारीचे डॉक्टर जिथे आधीपासूनच आहेत तिथे फरक कमी दिसणारच. जिथे नाहीत तिथली गोष्ट वेगळी. २०१० मध्ये एका अभ्यासात जगातील सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत ऑक्सिमीटरच नसल्याचा अंदाज मांडला गेला. या प्रश्नामागे लागलेल्यांत डॉ. अतुल गावंडे हे एक होते. हे अमेरिकेतले नामांकित सर्जन असले तरी त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे आपल्या विदर्भातील, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी या खेड्यातले शेतकऱ्याचे पुत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी तपासायच्या गोष्टींची जी यादी काढली, ती अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. 'ऑक्सिमीटर रोग्याला लावला आहे आणि चालू आहे ना?' हा प्रश्न त्या यादीत भूल देण्याआधीच विचारावा लागतो. २०११ पासून 'लाइफबॉक्स' ही संस्था गरीब देशांतील थिएटरना अशी यंत्रे पुरवू लागली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. उटीसारख्या खेड्यातल्या रोग्याला टेबलावर झोपवताना कोणी तरी हा प्रश्न विचारणे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने दोन गोष्टी अधिक विस्ताराने सांगायच्या आहेत. एक मेंदी.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिच्या पोटात दुखू लागले आणि अपेंडिक्सचे ऑपरेशन ठरले. दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत गडद काळी मेंदी, पायांच्या बोटांनाही तीच. सिस्टरने एकामागून एक बोट पाहिले, यंत्र रेघा दाखवी किंवा भलताच आकडा. आमच्या अम्मींचा धीर सुटला. तेव्हा भूल देणारे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अम्मा, मुलगी चांगली आहे. मेंदीमुळे मशीनला दिसत नाही. आम्ही कानाला लावतो." कानाच्या पाळीवर ९९ आले आणि ऑपरेशन पार पडले. नंतर मी वाचले की सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्येच याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. साध्या लाल मेंदीने आकड्यात विशेष फरक पडला नाही, काळ्या मेंदीने मात्र यंत्राला संकेतच मिळेना. तेव्हा ठरवून करायचे ऑपरेशन असेल आणि मध्ये ईद किंवा लग्न येत असेल, तर निदान दोन बोटे कोरी ठेवावीत. नेलपॉलिश तर पुसूनच जावे.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. आओयागींच्या युक्तीप्रमाणे कातडी स्थिर असल्याने हिशेबातून आपोआप गळते. कागदावर तसे होते. पण १९९० मध्येच ज्युब्रान आणि टोबिन या दोन डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील काळ्या रोग्यांत यंत्राच्या चुका अधिक होतात हे दाखविले होते. मग तीस वर्षे हा विषय तज्ज्ञांच्या नियतकालिकांबाहेर फारसा आला नाही. कोरोनात एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंच्या घरी यंत्र आले. त्यांनी बोटावरचा आकडा पाहून जुने शोधनिबंध उकरून काढले आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर लेख लिहिला. तो वाचून मिशिगनच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातील नोंदी तपासल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते असे. यंत्राने ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखविला असताना धमनीतले रक्त तपासल्यावर प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली आढळला, असे गोऱ्या रोग्यांत शंभरात ३.६ वेळा झाले आणि काळ्या रोग्यांत ११.७ वेळा. २०२२ मधील दुसऱ्या अभ्यासात कोरोनाच्या रोग्यांत आशियाई वंशाच्या लोकांचा आकडाही गोऱ्यांच्या मानाने सरासरी १.७ ने फुगलेला आढळला. दोनाचा फरक म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ऑक्सिजन कोणाला लावायचा, खाट कोणाला द्यायची, औषध कोणाला सुरू करायचे, हे जेव्हा ९४ की ९३ यावर ठरत होते, तेव्हा दोनाच्या फरकाने माणूस रांगेत मागे पडत होता. त्याला स्वतःला ते कधी कळलेही नसेल.

इंग्लंडमध्ये आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये या प्रश्नाची चौकशी जाहीर केली. त्यांचे आईवडील पाकिस्तानातून तिकडे गेलेले. त्या चौकशीचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला आणि यंत्रांमधला हा पक्षपात खरा असल्याचे त्यात मान्य झाले. अमेरिकेत जुन्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे अवघ्या दहा माणसांवर यंत्राची पडताळणी चाले आणि त्यांत गडद कातडीची दोन असली की भागे. जानेवारी २०२५ मधल्या नव्या मसुद्यात ही संख्या दीडशेवर नेण्याचे आणि फिक्या, मध्यम व गडद अशा तिन्ही वर्णांची माणसे पुरेशी घेण्याचे सुचविले आहे.

मग घरात काय करावे, असे पालक विचारतील. आकडा कमी दिसला तर आधी माणसाकडे पाहावे, हात चोळून ऊबदार करावा, स्थिर ठेवावा, बोट बदलावे, मिनिटभर थांबावे. यंत्र नाडीचाही आकडा दाखविते. मनगटावर स्वतः मोजलेली नाडी त्याच्याशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नये. पण इतके करूनही आकडा खालीच राहिला, तर तो खोटा आहे अशी समजूत घालत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि धाप लागली आहे, बोलताना वाक्य तुटते आहे, माणूस गोंधळला आहे, आणि यंत्र मात्र ९६ म्हणते, तर ९६ घरीच ठेवून माणसाला डॉक्टरकडे न्यावे. दर दिवशीचे मोजमाप लिहून ठेवले तर एका आकड्यापेक्षा उतरती रांग अधिक खरे बोलते. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी जी ॲप्स त्या काळात फिरत होती, त्यांबद्दल लिहून मी जागा अडवत नाही.

आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले. वय ८४ होते. त्याच महिन्यात जगभर लोक औषधांच्या दुकानांत त्यांच्या यंत्रासाठी खेटे घालत होते आणि त्यांतल्या फार थोड्यांना ते नाव ठाऊक होते.

त्या मोहिमेच्या वेळचे एक यंत्र आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीत अजून आहे. हा लेख लिहिण्याआधी मी त्याचा पुठ्ठ्याचा डबा काढून भिंगाखाली वाचला. अचूकता अधिक-उणे दोन, असे छापले आहे. कोणाच्या आणि कसल्या रंगाच्या बोटांवर पडताळून, ते छापलेले नाही.